आक्काचा एकच फोन

मी एकतीस वर्षं सिकंदराबादच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होतो. म्हणजे आठ तास कानाला हेडफोन, समोर तक्ता, आणि विकाराबादपर्यंतचे सगळे स्टेशन मास्तर एकाच तारेवर. एवढं असूनही मला फोन उचलता येत नाही, हे आज कबूल करतो. कारण सरळ आहे. कंट्रोलचा फोन उचलावा लागतच नाही, तो कानाला असतोच. समोरचा तारेवर येतो, आपल्या स्टेशनचं नाव सांगतो, आपण ऐकून घेतो आणि मग बोलतो. आधी बोलायचं ते त्यानं. 'हॅलो' म्हणणाऱ्या मास्तराला आम्ही नवखा समजायचो, आणि अशा दोघातिघांना मी चांगलं झापलेलंही आहे.

निवृत्त झालो, मुलानं स्मार्टफोन आणून दिला, आणि हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या आमच्या घरात मी पुन्हा एकदा महत्त्वाचा माणूस झालो. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचो. न उचललेला फोन म्हणजे सिग्नलला उभी गाडी आणि मागे सगळा सेक्शन खोळंबलेला, अशी माझी समजूत. माझी बायको सत्यवती म्हणायची, "अहो, कर्जवाल्याचा असंल, वाजू द्या की." पण मी कर्जवाल्याचंही म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचो. मेसेज अर्धवट तोडणं आमच्या खात्यात बसत नव्हतं.

या शहाणपणानंच घात केला. तीन वर्षांपूर्वी नांदेडला माझ्या भाचीचं, रसिकाचं लग्न होतं. रसिका म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, मालनआक्काची एकुलती एक लेक, आणि मी तिचा एकुलता एक मामा. आमच्यात नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," तेव्हा मुलीचा मामा कार्यालयाच्या मागे, भांडी घासायच्या हौदापाशी, पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणाऱ्या एका माणसाचं बोलणं ऐकत उभा होता. मला ते यंत्र नको होतं. आमच्याकडे एक आहे. पण मुद्दे पाच आहेत असं त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि तो तिसऱ्यावर होता.

मी आत आलो तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली होती आणि रसिकाच्या मागे मामा म्हणून आक्काचे शेजारी नामदेवराव उभे होते. त्यांच्या डोक्यावर माझा फेटा होता. तो मीच काढून खुर्चीवर ठेवला होता, कारण फेट्यामुळे फोन कानाला नीट लागत नव्हता.

आक्का त्या दिवशी मला एवढंच म्हणाली, "जा बाबा, तुझा फोन वाजत असंल." चूक झाली म्हणून मोकळं व्हायचं, ते सोडून मीच तिला ऐकवलं, की दोन मिनिटं थांबला असता मुहूर्त तर काय बिघडलं असतं, आणि एक माणूस मला बोलवायला पाठवता आला नाही? पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच. त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सत्यवती आणि आक्का मात्र दर गुरुवारी तासभर बोलायच्या, आणि मी शेजारच्या खोलीत पेपरचं एकच पान धरून कान देऊन बसायचो. मला आक्काची फार आठवण यायची. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि मला शाळेत घालण्यापासून माझ्या बायकोला बघण्यापर्यंत सगळं तिनं केलं. हे मी कुणापाशी बोललो नाही. बोललो असतो तर लोक म्हणाले असते, मग लाव की फोन.

मागच्या महिन्यात रसिकाला मुलगी झाली. त्यानंतरच्या एका गुरुवारी सत्यवती फोन ठेवून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ऐका. आक्का फोन करणार हैत तुम्हाला. पुढच्या रविवारच्या बारशाला बोलवायला. एकदाच करते बोलल्या. उचलला तर ठीक, नाही तर पुन्हा नावच नक्को."

"कधी करणार?"

"ते काही बोलल्या नाहीत."

मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी उठून सुनेला शरण गेलो. आमची स्नेहा पुण्याची, कंप्यूटरवाली, घरूनच काम करते. तिनं माझा फोन हातात घेऊन मला एकदा उचलून दाखवायला लावलं, आणि डोक्याला हात लावला. आमच्या फोनला हिरवं चिन्ह वर सरकवलं की उचलला जातो आणि खाली सरकवलं की कापला जातो. मी इतकी वर्षं काचेवर बोट नुसतं जोरात घासत होतो. अर्धे फोन लागायचे, अर्धे तुटायचे, आणि मी नेटवर्कला शिव्या द्यायचो. त्यातही बोट एका विशिष्ट जागी गेलं की समोरच्याला आपोआप इंग्रजीतून निरोप जायचा, की मी मीटिंगमध्ये आहे. मला निवृत्त होऊन आठ वर्षं झालीत. आमचा दूधवाला हल्ली माझ्याशी इतका अदबीनं का वागतो, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

"बाबा, उचलायचे भरपूर मार्ग आहेत," स्नेहा म्हणाली. "तुम्हाला झेपेल तो पक्का करू."

मी म्हणालो, सगळेच पक्के कर. धोका नको.

मग शिकवणी सुरू झाली. आवाज वाढवायचं बटण दाबून फोन उचलता येतो. गळ्यात अडकवायच्या इअरफोनचं बटण एकदा दाबलं की उचलला जातो, दाबून धरलं की कापला जातो. माझा अंगठा दाबायला गेला की दाबूनच राहतो, म्हणून तो मार्ग बाद. तोंडानं हुकूम सोडूनही उचलता येतो. स्नेहानं म्हटलं की फोन ऐकायचा, मी म्हटलं की त्या यंत्राला माझं इंग्रजी कळायचं नाही, आणि एकदा तर त्यानं मला अँटवर्पचं हवामान सांगितलं. आपोआप उचलायचीही सोय असते, दोन सेकंदांत, हात न लावता. ती आम्ही एक दिवस लावून पाहिली. त्या दिवशी मी न्हाणीघरात असताना विम्याच्या एका बाईंनी माझी सगळी आंघोळ ऐकली. शेवटी मला जमलं ते असं: फोन वाजला की नुसता कानाशी न्यायचा, तो आपला आपण लागतो. स्नेहा आतल्या खोलीतून फोन करायची, मी हॉलमध्ये उभा राहून कानाला लावायचो. पंधरापैकी अकरा वेळा जमलं. बाकीच्या चार वेळा मी उलटा धरला होता.

"आणि अनोळखी नंबर असेल ना," स्नेहानं बजावलं, "तर तुम्ही आधी बोलू नका हं. हल्ली आवाज रेकॉर्ड करून फसवतात लोकांना. समोरचा काय म्हणतो ते ऐका, मग ठरवा."

मला केवढा आनंद झाला! जग शेवटी आमच्या कंट्रोल ऑफिसच्या शिस्तीवर आलं होतं.

पुढचे आठ दिवस फोन माझ्या हातातून सुटला नाही. जेवताना डाव्या हातात, देवपूजेला समईशेजारी. सत्यवती म्हणाली, "हल्लू घ्या जरा, जान जाईल त्या फोनची." शनिवारी सकाळी मी कुणाला न सांगता नारायणगुड्याला गेलो. बाळासाठी झबलं-टोपडं घ्यायचं होतं. बोलावणं आलेलं नव्हतं, पण आलंच तर हात रिकामा नको. दुकानदारानं पिवळं दाखवलं, गुलाबी दाखवलं, आणि मी टोपडं मुठीवर चढवून किती लहान आहे ते बघत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

अनोळखी नंबर. मी फोन कानाशी नेला आणि तो पहिल्याच रिंगला लागला. काय सफाई होती! आणि मी गप्प राहिलो.

पलीकडूनही कुणी बोलेना. पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता, बांगड्या वाजल्या, कुणीतरी श्वास घेतला आणि सोडला. मी ओळखलं, पक्का चोर आहे, मी बोलायची वाट बघतोय. पण मीही एकतीस वर्षं तारेवर काढलेला माणूस. तो बोलेना, मी बोलेना. पाऊण मिनिट झालं. मग मी विजयी मुद्रेनं फोन कापला.

"फार सावध राहावं लागतं हल्ली," मी दुकानदाराला हिंदीत म्हणालो.

"हौ साब," तो म्हणाला. "कल मेरेकू भी आया था."

मी पिवळं टोपडं घेतलं आणि रिक्षानं घरी आलो. वाटेत मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की काय सांगू.

घरी सत्यवती मांडीवर फोन ठेवून बसली होती. तिचे डोळे लाल होते. "आक्कांचा फोन आला होता ना तुम्हाला?"

"नाही. मी तर फोन खाली ठेवला नाही."

"रसिकाच्या फोनवरून केला होता त्यांनी. त्यांच्या फोनची काच फुटलीय."

"मग बोलली का नाही ती?"

"फोन मी करते, पहिला शब्द त्याचा पाहिजे, एवढंच होतं त्यांचं. तुम्ही नुसतं 'कोण' बोलले असते तरी चाललं असतं. पाऊण मिनिट तोंड शिवून बसला अन् कापला, बोलल्या. रडत होत्या. उद्या येऊ नका म्हणून सांगितलंय."

स्नेहा खोलीतून बाहेर आली होती. "बाबा, रसिकाताईंचा नंबर सेव्ह नव्हता तुमच्याकडे?"

मी उगाच यादी उघडून बघितली. गॅसवाला होता, नळवाला होता, आमच्या कॉलनीतले तीन रेड्डी होते. 'पाणी यंत्र पाच मुद्दे' या नावानं तो विक्रेताही होता. रसिका नव्हती.

मी टोपड्याची पिशवी खुंटीला अडकवली आणि बाल्कनीत जाऊन बसलो. इतके मार्ग शिकलो, आणि आक्का स्वतः दाराशी आली तर मी आतून कडी लावून चोर पकडला म्हणून खूश होऊन बसलो. माझ्यासारखा गाढव हैदराबाद-सिकंदराबाद दोन्ही शहरांत सापडला नसता. मला रडायला येत होतं आणि थोडं आलंही. मग मी तो सकाळचा नंबर काढला आणि लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा फोन मी करत होतो.

पाच वेळा वाजला. सहाव्यांदा वाजायच्या आत काचेवर सेकंद पळायला लागले. पलीकडे कोण आहे ते मी विचारलं नाही, ती मूग गिळून बसणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी सरळ बोलायलाच लागलो.

"मी लक्ष्मण. कापू नको. सकाळी तू आहेस ते मला समजलंच नाही. चूक माझी. अन् तेव्हाची बी माझीच. कुणीतरी बोलवायला यायला पाहिजे होतं, असं मी तीन वर्षं बोलत फिरलो. कुणी कशाला यायला पाहिजे होतं? मीच तिथं उभा पाहिजे होतो. त्या दिवशी मला दुसरं काम काय होतं? एवढं एकच तर काम होतं. मला माफ कर. लई आठवण येते ग तुझी."

पलीकडे एका तान्ह्या बाळानं कुरकुर केली, आणि कुणीतरी त्याला थोपटलं.

"मामा," आवाज आला, "मी रसिका बोलतेय."

मी उठून उभा राहिलो.

"आई आतमध्ये झोपलीय. रडून रडून झोपलीय. उठवते मी तिला." पण रसिका जागची उठल्याचं ऐकू आलं नाही. बाळाला थोपटणं चालूच होतं. "मामा, भटजींनी तीनदा पुकारलं होतं. आई बोलली नामदेवकाकांना बोलवा, मी नको बोलले. मी सगळ्यांना सांगत होते, थांबा, माझे मामा येतील. दारात उभी राहून सांगत होते."

तीन वर्षं मी आक्काचा राग मोजला, माझा मोजला, नामदेवरावांच्या डोक्यावरच्या फेट्याचासुद्धा मोजला. जिचं लग्न होतं तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.

"आईला देते मी फोन," रसिका म्हणाली. "पण ते सगळं आधी मला बोला ना, मामा."

मला हुंदका आवरेना. तिनं घाई केली नाही, फोन धरून थांबली.

"रसिका," मी म्हणालो, आणि पहिल्यापासून सुरू केलं.