समाधानी ग्राहक

फ्रीज घरात येऊन पाच आठवडे झाले होते आणि त्यातले शेवटचे चार दिवस तो नुसतं कपाट होऊन उभा होता. मे महिना, आरमोरीचं ऊन आणि सासूबाईंचं इन्सुलिन. भाजी सडली तर सडो, इन्सुलिन तापलं की फुकट. मी बाटली डबीत घालून माठात सोडली होती, पण माठ तरी किती पुरणार? सासूबाईंची शुगर रोज चढत होती. शेजारी कुलूप लावून चिमूरला लग्नाला गेलेले. नवरा कोरपन्याला सिमेंटच्या कारखान्यात. फोनवर ‘मी पाहतो’ म्हणायचा आणि पाहायचा मात्र नाही.

कंपनीला रोज फोन करत होते. चौथ्या दिवशी उत्तर आलं, “मॅडम, तुमची तक्रार बंद झाली आहे.”

“कोणी बंद केली?”

“ग्राहक समाधानी आहेत. सकाळीच फोनवर सांगितलं त्यांनी.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे चिंच फोडत होत्या.

“पोरगी लय गोड बोलली,” त्या म्हणाल्या. “तुम्ही समाधानी आहात का, असं इचारलं. मी म्हनलं, हो माय, समाधानी आहो. तू जेवली का?”

“आई, ती फ्रीजचं इचारत होती!”

“मंग फ्रीजचं म्हनावं ना. मानसाचं काऊन इचारलं?”

मी कपाळावर हात मारला. डोकं असं तापलं होतं की त्यावर भाकर भाजली असती. पण ओरडून काय होणार? मेडिकलमधून नवी बाटली बर्फात घालून आणली, जेवणाचा डबा भरला, सासूबाईंना स्कूटीवर मागे बसवलं आणि फ्रीज घेतला होता त्या दुकानात गेले.

दुकानाचा मालक प्रफुल कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हणाला, “कंपनीकडं तक्रार बंद दाखवते ताई. आपल्या हातात काई नाई.”

“बरं,” म्हटलं. रांगेतला एक फ्रीज दाखवायला म्हणून चालू होता. तो उघडला आणि प्लास्टिकच्या सफरचंदांशेजारी बाटली ठेवली.

“हे काय करून राह्यल्या?”

“तुमचा फ्रीज चालते, माहा चालत नाई. आता रोज जेवाच्या येळी आईले इथी घेऊन येतो. सुई इथीच.”

तो हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करते आहे. जेवणाची वेळ झाली तशी मी बाटली काढली, सुई भरली आणि सोफ्यावर बसलेल्या सासूबाईंच्या पोटात टोचली. फ्रीज पाहायला आलेलं नवं जोडपं तिथेच उभं राहिलं. सासूबाईंना माणसं दिसली की राहवत नाही.

“हाच घ्या,” त्या त्यांना म्हणाल्या. “आमच्याकडं हाच आहे. लय चांगला. बिलकुल आवाज नाई करत.”

“चालत नाई म्हनून,” मी म्हटलं आणि डबा उघडला. अंबाडीच्या भाजीचा वास दुकानभर पसरला. जोडपं बाहेर पडलं. प्रफुलनं फोन उचलला आणि कंपनीतल्या कोणाला तरी असं काही झापलं की मला बरंच वाटलं. दोन वाजता मिस्त्री आमच्या घरी होता. बटणाएवढा पार्ट जळाला होता. अर्ध्या तासाचं काम.

दिवस कलल्यावर मी अंगणात पाणी शिंपडलं, बाज टाकली आणि पाय बादलीत सोडून बसले. सासूबाई मागे बसून माझ्या डोक्याला तेल घालू लागल्या. टाळू थंड झाली आणि मला एकदम रडूच कोसळलं.

“काऊन रडतेस? झालं ना काम?”

“भेव वाटत होतं आई. तुमाले काई झालं असतं तं?”

त्यांची बोटं थांबली.

“माह्या जिवासाठी आजवर कोनी भांडलं नोतं बाई,” त्या म्हणाल्या. “माहेरी नाई, सासरी नाई.”

मी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळले.

“आता सवय करा,” मी म्हटलं.