कुंकवातली नावं

सुचेतानं हौसेनं केलं आणि ते अंगाशी आलं.

नेदरलँड्समध्ये, मुलाच्या डेल्फ्टच्या फ्लॅटमध्ये जेवायला बोलावलेल्या विहीणबाई, सोमजाई, ताट बाजूला सारून टेबलावरच्या पांढऱ्या टाइलकडे बघत होत्या. वरणभात निवत चालला होता.

झालं होतं असं. मुलाचं, कुशलचं, पिम या थाई मुलीशी लग्न ठरलं. सुचेताच्या सासरची रीत अशी की बोलणी पक्की झाली की वधूवरांची आणि हयात आईवडिलांची नावं कालवलेल्या कुंकवानं पाटावर लिहायची आणि देवापुढे ठेवायची. इथे पाट कुठला मिळणार? म्हणून कुशलनं दुकानातून एक टाइल आणून दिली होती आणि सुचेतानं तिच्यावर पाचही नावं इंग्रजी अक्षरांत कुंकवानं लिहिली होती. थाई लोकांचे वारांचे रंग तिनं पिमकडून आधीच घोकून घेतले होते, सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, रविवार लाल. म्हणजे थायलंडच्या माणसांना लाल चालतो, असं सुचेताबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. एका शब्दानं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही.

"आई," पिम कुशलकडून शिकलेल्या मराठीत सुचेताला हलक्या आवाजात म्हणाली, "रविवारी लाल कपडे घालतो आम्ही, ते चांगलं. पण जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहीत नाहीत. ते मेलेल्याचं लिहितात. शवपेटीवर."

सुचेतानं टाइल आपल्याकडे ओढली. टाइलवरचं शेवटचं नाव पिमच्या वडिलांचं, प्रसितचं होतं आणि परवा सकाळी द हेगच्या हॉस्पिटलमध्ये त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

सोमजाई अखेर मुलीशी थाईमध्ये बोलल्या, थोडंसंच. पिमनं खाली बघत सांगितलं, "ती म्हणते, आत्ता पुसा. सगळी नावं. नाहीतर ती लग्नाला हो म्हणणार नाही."

"अगं पुसून टाक ना, आई," कुशल म्हणाला. "काय एवढं त्यात?"

काय एवढं! तिशी उलटलेल्या घोड्याला हेही कळू नये? सुचेता मुकाट्यानं ओलं फडकं घेऊन आली. प्रसितच्या नावावर हात नेला आणि तिथेच तो अडला.

चौदा वर्षांपूर्वी कुशलचे बाबा गेले, तेव्हा थोरल्या नणंदेनं असंच ओलं फडकं तिच्या कपाळावरून फिरवलं होतं. तो गार स्पर्श अजून जात नव्हता. आपल्या हातानं कुणाचं कुंकू पुसायचं नाही, एवढं तिनं त्या दिवशी ठरवलं होतं. आणि आता परवा ऑपरेशन असलेल्या माणसाचं नाव पुसायचं? काही बरं-वाईट झालं तर पुसणारी मीच. शिवाय त्याच टाइलवर पोटच्या पोराचं नाव. नाही पुसलं तर लग्न मोडतंय. तिला रडू यायला लागलं आणि स्वतःचा रागही आला.

"मला भीती वाटते," ती सरळ म्हणाली. "पिम, आईला सांग. आमच्यात नवरा मेला की बाईचं कुंकू पुसतात. माझं पुसलंय. मला हे नाही जमणार."

पिमनं सांगितलं. सोमजाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. सुचेताच्या मोकळ्या कपाळाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हात पुढे करून त्यांनी फडकं मागितलं.

"ती म्हणते, तुम्ही नका पुसू," पिम म्हणाली. "ती पुसेल. तिच्या मनात पुसण्याची भीती नाही. आमच्यात लाल नाव पुसलं की माणूस वाचतो."

सुचेतानं फडकं दिलं. सोमजाईंनी आधी नवऱ्याचं नाव पुसलं, अगदी कडेच्या ठिपक्यापर्यंत. मग स्वतःचं, मग सुचेताचं, मग पिमचं. फडकं लालेलाल झालं. टाइलवर एकटा कुशल उरला.

तिथे त्या थांबल्या. फडकं नावाच्या वर धरून परवानगी मागितल्यासारखं त्यांनी सुचेताकडे बघितलं.

खुर्चीवर कुशल पाण्याचा ग्लास हातात धरून बसला होता, तिच्याकडे बघत, धडधाकट. सुचेताला वाटलं, उठावं आणि ती टाइल छातीशी धरावी. ती उठली नाही.

"पुसा," ती म्हणाली.