लाल पट्टी

कॅमेरा कुठला घ्यायचा यावरून बापलेकीची तीन दिवस जुंपली होती, आणि खरं सांगायचं तर भांडण कॅमेऱ्याचं नव्हतंच. बाप चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करत आलेला. लेक विमानातून उड्या मारायला लागून दोन वर्षं झालेली, आणि आता उड्या मारायच्या त्या मैदानावरच तिला काम मिळालेलं. पहिल्यांदा उडी मारणारा पाहुणा प्रशिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी बांधलेला असतो. त्या जोडीबरोबर हिनेही उडी टाकायची आणि हवेत त्यांचे फोटो काढायचे. कॅमेरा हेल्मेटवर, बटण दाताखाली. हे ऐकूनच बापाला घाम फुटला होता. पण ‘मला भीती वाटते’ असं म्हणायची या गृहस्थाला सवय नव्हती, म्हणून तो लेन्सवर बोलत होता.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. पुढे काचेचं कपाट, मागे कामाचं टेबल, त्यावर भिंगाचा दिवा आणि स्क्रू ठेवायच्या वीसेक डब्या. त्याने कपाटातला सगळ्यात मोठा कॅमेरा काढून तिच्यापुढे ठेवला.

“हा घे. याच्यासारखा फोटो दुसरा देणार नाही.”

लेकीने तो उचलून डोक्यावर धरला आणि दोनदा मान हलवून पाहिली. “जड आहे, बाबा.”

“असणारच. आत काच आहे, थर्माकोल नाही.”

“पॅराशूट उघडताना हिसका बसतो. डोक्यावर जे असेल त्याचा सगळा भार मानेवर येतो. आमच्याकडचा एकजण सहा महिने मानेला पट्टा लावून फिरत होता.”

 बापाने कॅमेरा तिच्या हातातून काढून घेतला, कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मग सगळ्यात लहान, सगळ्यात हलका कॅमेरा शोधून तोच पुसत बसला.

लेन्सवरून मात्र तो हटेना. त्याचं म्हणणं, झूम लेन्स घे, माणूस जवळ ओढता येतो. ती म्हणाली, झूमची रिंग वाऱ्याने फिरते. त्यापेक्षा रुंद लेन्स बरी, झूम नसलेली, आणि फोकस चिकटपट्टीने बांधून टाकायचा.

“चिकटपट्टी? लेन्सला?” कुणी लेन्स पायपुसण्याने पुसायला सांगावी तसा त्याचा चेहरा झाला. “आणि रुंद लेन्समध्ये कोपऱ्यात नको ते सगळं येतं. कुणाचा बूट, कुणाचं कोपर.”

“येऊ दे की. वर कॅमेऱ्याला डोळा लावता येत नाही, बाबा. डोळ्यापुढे नुसतं एक वर्तुळ असतं, त्यात माणूस धरायचा आणि दात आवळायचे. लेन्स रुंद असली तर निदान कुणाचं मुंडकं तरी उडणार नाही.”

“मुंडकी उडायची भाषा नको,” बाप म्हणाला, आणि रुंद लेन्स काढून दिली.

उडीच्या आदल्या दुपारी ती हेल्मेट दुकानात ठेवून गेली. कॅमेरा बसवायची धातूची पट्टी त्यावर लावायची होती. जाताना एवढंच म्हणाली, “कुठे काही अडकेल असं ठेवू नका.” तसं त्याने काम केलं. पट्टीच्या कडा कानशीने घासल्या, कोपरे गोल केले, बोट फिरवून पाहिलं. ते काम झाल्यावर हेल्मेट उलटसुलट करताना त्याला हनुवटीच्या पट्ट्याजवळ एक लाल कापडी पट्टी दिसली. तिला सहज बोट लागलं, तर सगळा पट्टा सुटून खाली पडला. त्याच्या काळजात धस्स झालं. हे असलं ढिलं हेल्मेट घालून पोरगी विमानातून उडी मारणार! त्याने आतला बारीक स्क्रू आवळला आणि त्यावर स्क्रू पक्का करायच्या गोंदाचा एक थेंब सोडला. मग लाल पट्टी ओढून पाहिली. हलली नाही. चाळीस वर्षं त्याने ढिलं दिसेल ते पक्कं केलं होतं; त्यात सांगण्यासारखं काय, म्हणून त्याने सांगितलंही नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्याला लेकीबरोबर पिटाळलं. “वर नाही तर नाही, खाली तरी उभे राहा,” ती म्हणाली. म्हणून तो मैदानावर आला होता. लेक, पाहुणीबाई आणि प्रशिक्षक असे तिघं छोट्या विमानात चढले. निवृत्त झालेली शिक्षिका होती ती पाहुणीबाई, आणि सारखी हसत होती. विमान उडालं. बापाला वर बघवेना, म्हणून तो जवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला.

शेडमध्ये लांबलचक सतरंजीवर एक बाई गुडघे टेकून पॅराशूटची घडी घालत होत्या. दिवसभर तेच त्यांचं काम. पातळ पांढऱ्या दोऱ्यांचा झुबका त्यांनी बोटांत धरला होता आणि एकेक दोरी वेगळी करत होत्या.

“लेकीचे वडील ना तुम्ही? बसा,” त्या म्हणाल्या. “मीच भरलंय तिचं पॅराशूट. काळजी करू नका.”

“या दोऱ्या तुटत नाहीत ना?”

“तुटायची भीती नाही हो. कॅमेरावाल्यांना भीती अडकायची. उघडताना एखादी दोरी कॅमेऱ्याला अडकली, तर पॅराशूट धड उघडतही नाही आणि ते टाकून देऊन राखीव पॅराशूटही उघडता येत नाही.”

“मग?”

“मग काय, गालाशी लाल पट्टी असते ना? ती ओढायची, एका हाताने. हेल्मेट कॅमेऱ्यासकट निघून जातं. गेलं तर गेलं, जीव वाचला.” बाईंनी मान वर केली. “काका? काय झालं?”

काकांच्या डोळ्यांपुढे कालची ती पट्टी आली. तो ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला होता. तिथे कुणीतरी विचार करून ढिलं ठेवलं होतं, आणि ते त्याने पक्कं केलं होतं. लेकीच्या मानेला दीड किलोचं वजन बांधून त्याने वर गोंद लावला होता.

तो धावला. या वयात आणि या चपलांत तो कसा धावला त्याचं त्यालाच ठाऊक. मैदानाच्या कडेला छत्रीखाली टेबल होतं, टेबलाशी वायरलेसवाला बसला होता.

“विमान थांबवा! तिला उडी मारू देऊ नका!”

वायरलेसवाल्याने समजुतीने हसून खुर्ची पुढे केली. “बसा काका. सगळ्यांच्या घरचे असंच म्हणतात. परवा एका आजीने माझी कॉलर धरली होती.”

“अहो, घाबरून नाही सांगत—”

“पाणी घ्या. पाच मिनिटांत खाली येते बघा.”

इथे रडून भागणार नाही, हे बापाला कळलं. त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि दुकानात गिऱ्हाइकाला बिघाड सांगावा तसं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. “तिच्या हेल्मेटची लाल पट्टी सुटणार नाही. मी काल स्क्रू आवळून त्याला गोंद लावलाय. मी लावलाय. माझ्या हाताने.”

वायरलेसवाल्याचं हसू मावळलं. त्याने माइक ओढला. “विमान, लाल दिवा लाव, उडी बंद! कॅमेरावालीला थांबव! लाल लाव, लाल!”

नुसती खरखर. मग वैमानिकाचा आवाज: “दार उघडलंय. ती बाहेर पायरीवर आहे.” पुन्हा खरखर, आणि मग तेही बंद.

मैदानावरची सगळी माणसं वर बघत होती. विमान म्हणजे एक ठिपका. बाप बघत राहिला, डोळ्यांत पाणी येऊन दिसेनासं झालं की मनगटाने पुसून पुन्हा बघत राहिला. आयुष्यात त्याने देवाकडे फारसं काही मागितलं नव्हतं, आता काय शब्द वापरायचे तेही त्याला सुचेना. मग वर एक पॅराशूट उघडलं. मोठं, पिवळं. दोघांचं.

दुसरं उघडेना.

“हिचं निळं असतं,” मागून आलेल्या घडीवाल्या बाई पुटपुटल्या, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

बापाने आभाळाचा कोपरा न् कोपरा शोधला. निळ्यात निळं दिसत नसेल, असं स्वतःला सांगितलं. एक, दोन, तीन म्हणत तो आकडे मोजू लागला, आणि तिसाच्या पुढे त्याला आकडे आठवेनात. गवतावर तो मटकन खाली बसला. बायकोला काय सांगायचं? ‘ढिलं होतं म्हणून पक्कं केलं’ असं सांगायचं?

खरखर झाली. “कॅमेरावाली आत आहे,” वैमानिक म्हणाला. “मला शिव्या घालतेय. घेऊन येतो खाली.”

बाप गवताची मूठ धरून लहान मुलासारखा रडला. कुणी त्याला उठवायला गेलं नाही.

विमान उतरलं. विमानातून वर जाऊन विमानातूनच खाली येण्यासारखी नामुष्की या लोकांत दुसरी नाही, आणि ती लेकीच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होती. ताडताड चालत ती आली. “कुणी थांबवलं मला? त्या बाईंचा हवेतला एक फोटो नाही! जन्मात एकदा उडी मारली त्यांनी!”

“मी,” बाप म्हणाला. “ती लाल पट्टी ओढ.”

तिने ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली, मग दोन्ही हातांनी. तिच्या चेहऱ्यावरचा राग एकदम उतरला आणि ती गवतावर त्याच्याशेजारी बसली.

“चढायच्या आधी मी रोज ओढून बघते,” ती म्हणाली. “एक दिवस चुकवत नाही. आज नाही बघितली. म्हटलं, बाबांच्या हातचं आहे.”

 तिने नेहमीच्या बकलाने, दोन्ही हात लावून हेल्मेट काढलं आणि कॅमेऱ्यावर फोटो पाहिला. एकच होता. प्रशिक्षक आणि पाहुणीबाई दारातून निसटताना, बाईंचं तोंड उघडं, केस उभे. तिने तो बापापुढे धरला आणि बोटाने फोटोचा वरचा कोपरा दाखवला. दारावरचा लाल दिवा लागलेला होता.

“मी दात आवळले त्याच क्षणी तो लागला. तोपर्यंत माझा एक हात विमानावरून सुटला होता.”

बापाने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. टोक तीनदा घसरलं. लेकीने हेल्मेट मांडीवर घट्ट धरलं, पण त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला नाही. चौथ्यांदा स्क्रू कटकन सुटला. गोंद त्याने नखाने खरवडून काढला, फुंकर मारली, पुन्हा खरवडला.

दुसरं विमान तासाभराने होतं, आणि शिक्षिकाबाई पुन्हा उडी मारायला तयार होत्या. आता लेकीला थांब म्हणायचा अधिकार बापाला होता की नाही, कोण जाणे. तो विमानाच्या शिडीपर्यंत तिच्याबरोबर गेला.

“ओढून बघ,” तो म्हणाला.

“वर जाताना बघते.”

“माझ्यासमोर.”

तिने एका बोटाने लाल पट्टी ओढली. पट्टा सुटला आणि हेल्मेट, कॅमेरा, रुंद लेन्स, सगळं त्याच्या ओंजळीत पडलं. त्याने ते पोटाशी धरलं, आणि परत द्यायला जरा वेळ लावला.