तिसऱ्या कडव्याचा शब्द

सरोवराकाठच्या सगळ्या मठांत माझं म्हणून जे स्तोत्र गातात, ते माझं नाही. ते एम्मोचं.

एम्मो आमच्या गोठ्यातला संन्यासी. पाच वर्षांचा असताना आईनं त्याला मठाच्या दारात सोडलं, ती पुन्हा दिसली नाही. धारा काढता काढता त्यानं मरियेचं स्तोत्र रचलं. कडवी चार, त्यांची पहिली लॅटिन अक्षरं, ई, एम, एम, ओ, जोडली की त्याचंच नाव व्हायचं. त्याला लिहिता बरं येत नसे, म्हणून उतरवून घेतलं मी. त्याच हिवाळ्यात तो तापानं गेला. तेव्हाच्या मठाधिपतींनी माझ्या हातातला कागद वाचला, डोळे पुसले आणि मला छातीशी धरलं. त्यांनी ते माझंच मानलं, आणि मी मानू दिलं.

नाव मात्र त्यात उघडं होतं. तिसऱ्या कडव्याच्या आरंभी त्यानं ‘मातेर’ अशी हाक घातली होती, आई. मी ती चाकूनं खरवडली आणि ‘रेजिना’ लिहिलं, राणी. राणी त्या बिचाऱ्यानं जन्मात पाहिली नव्हती.

चाळीस वर्षं झाली. सकाळच्या सभेत जो तो गुडघे टेकून आपला अपराध सांगतो. मीही सांगत आलो, मडकं फुटलं, प्रार्थनेत डुलकी लागली. यंदा मरियेच्या सणाआधी मात्र एकदाचं खरं सांगितलं. हल्लीचे मठाधिपती गेरुंग माझ्याहून वयानं लहान. ते गहिवरून म्हणाले, “ओटविनबाबा, एवढी नम्रता आमच्या अंगी कधी यायची?”

मी अक्षरं जोडून बघा म्हटलं. त्यांनी जोडली. एम्रो. त्यातून कुणाचंच नाव होईना. व्हायचं कसं? ते मीच मोडलं होतं.

सणाच्या दिवशी साठ गळे तिसऱ्या कडव्याला आले. सगळे ‘राणी’ म्हणाले. मी एकटा ‘आई’ म्हणालो, तेही फाटक्या आवाजात. गाणं अडखळलं. शेजारचा लिउटो कानाशी कुजबुजला, “स्तोत्र म्हणजे तुझं पोटचं पोर, आणि त्यातलाच शब्द आठवेना होय रे म्हाताऱ्या?” मागच्या बाकावर कुणीतरी हसू गिळलं.

गाताना चुकणाऱ्यानं तिथल्या तिथे जमिनीवर पडून क्षमा मागायची, हा आमचा नियम. मी पडलो. कपाळ फरशीला लागलं. माझ्यावरून चौथं कडवं गेलं, एम्मोचं शेवटचं अक्षर घेऊन.

गेरुंगांनी हात उचलला. क्षमा झाली होती, शब्द चुकल्याची.

लिउटोनं दंडाला धरून मला उभं केलं. त्या भलत्याच क्षमेनंही मला जरा हलकं वाटलं, आणि त्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटली.