जमिनीनं प्यायलेली वीज

बल्लारपुरात घरात वीज घेणाऱ्यांत गुणवंतराव पहिले नव्हते, पण तसं सांगणाऱ्यांत पहिले होते. मालगुजारी गेली, गावं गेली. उरला तो आवाज आणि पायातल्या खडावा. माजघराच्या भिंतीवर लोखंडी मेन स्विच बसला. वायरमननं त्या पेटीपासून एक उघडी तार अंगणात नेऊन कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पुरली आणि फ्यूजमध्ये केसासारखी तार ओवली. काही बिघडलं तर वीज जमिनीत जाईल, फ्यूज जळेल, माणूस वाचेल, एवढं सांगून तो चहा पिऊन गेला.

एका संध्याकाळी बैठक भरली होती. गुणवंतराव सांगत होते, "तर साहेब मले म्हणते, गुणवंतराव, तुमच्यासारखा—"

अंधार.

कंदील आला. नवी तार ओवली.

"—तुमच्यासारखा माणूस अख्ख्या—"

अंधार.

साहेबाचं उरलेलं मत चांदा जिल्ह्याला कधीच कळलं नाही.

पेटीत उंदरानं वायर कुरतडली होती आणि ती लोखंडाला टेकत होती. पेटी उघडून नीट कोणी पाहिली नाही. गुणवंतरावांना पाहायची गरजच पडली नाही. सरकारनं जमीन घेतली ती घेतली, आता आपली वीजही जमिनीनंच प्यायची? त्यांनी विळा आणवला आणि अंगणातली तार स्वतःच्या हातानं कापली.

फ्यूज उडणं थांबलं. गुणवंतराव शेजारपाजारी हा उपाय सांगत वैद्यासारखे हिंडू लागले.

तिन्हीसांजेला दिवा लावणं सुनेचं काम. इंदूनं हातपाय धुतले, ओल्या सारवणावर अनवाणी उभी राहिली, पेटीवरच्या स्विचला हात लावला आणि भिंतीनं तिला मागं फेकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पेटी झोंबते, ती म्हणाली. नवरा भैयाजी बुटासकट जाऊन हात लावून आला, काही नाही. सासरे खडावांवरून गेले, बैलाला थोपटावं तशी त्यांनी पेटी थोपटली, काही नाही. सासू वच्छलाबाई तर पेटीला लांबूनच हात जोडत. घरातल्या दोन पुरुषांना लागत नाही आणि एकट्या सुनेला लागतं, म्हणजे दोष पेटीचा असेलच कसा?

ठरलं. सोमवारी नदीपलीकडच्या भगताकडं गाडी जुंपायची. तिथं मिरच्यांची धुनी देत आणि भूत बोलेपर्यंत निंबाच्या फोकानं झोडत. इंदूच्या मावसबहिणीचं भूत बोललं होतं. बहीण मात्र त्यानंतर फारशी बोलली नाही.

रविवारी इंदू सासूजवळ बसून हळूच म्हणाली, की भूत असतं तर विहिरीवर झोंबलं असतं, चुलीपाशी झोंबलं असतं; पेटीपाशीच काऊन? तिथं देवी असेल. आणि देवी असेल तर पूजा कर्त्या पुरुषानंच करायला हवी. वच्छलाबाईंना ते पटलं. भूतवाल्या घरापेक्षा देवीचं घर कधीही बरं.

तिन्हीसांजेला गुणवंतराव न्हाऊन, ओलेत्यानं, थाळी घेऊन आले. भिंतीखाली इंदूनं भरपूर सडा टाकला होता.

"देवीपुढं खडावा?" वच्छलाबाई म्हणाल्या.

खडावा बाजूला झाल्या. गुणवंतरावांनी कुंकवाचं बोट पुढं केलं. "ॐ देव्यै न—"

थाळी छताला लागली. गुणवंतराव सड्यात बसले.

बसल्या जागेवरूनच ते म्हणाले, "देवी आली."

वच्छलाबाई त्यांच्या पायांवर पडल्या. पूजेला जमलेल्या शेजारणी नारळ शोधू लागल्या. सासऱ्यांना देवी आली, तर इंदूतलं भूत होतं तसंच राहिलं. उद्याची गाडीही तशीच. तिनं पदर पुढं ओढला.

"मामाजी, उद्या गाडीत तुमचीई जागा करू का? लागलं त दोघाईलेई सारखंच. भगत दोघाईले पाह्यन."

मिरच्यांचा ठसका गुणवंतरावांना तिथंच लागला. ते खोकले. मग म्हणाले, "गाडी नोको. देवीचा हुकूम हाये, तिचे पाय जमिनीले टेकवा. ते तार जोडून द्या."

भैयाजीनं मेन पाडला, तार जोडली, मेन वर केला.

अंधार.

"आता?" भैयाजीनं विचारलं.

"कंदील लाव. देवी आराम करून राह्यली."

सोमवारी गाडी निघाली नाही. त्या घरात पुढं बरेच दिवस रॉकेल जळलं, कारण वायरमनला बोलवायचं तर तार कोणी कापली, ते सांगावं लागलं असतं.