पाय घरी

“मास्तर, राग मानू नका. पण तिसरी क्लच प्लेट जळली म्हणजे दोष गाडीत नाही. दोष पायात आहे.”

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागचा टायवाला असं म्हणाला आणि मास्तरांच्या हातातला पाण्याचा ग्लास ओठांपाशी येऊन तसाच थांबला.

“कुणाच्या पायात?”

“म्हणजे... चालवणाऱ्याच्या. सारखा क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली की प्लेट घासत राहते. ते वॉरंटीत बसत नाही.”

सोफ्यावर आपल्या गाडीची वाट बघत बसलेला एक गृहस्थ खो खो हसत सुटला. “अहो साहेब, कुणाला सांगताय! क्लचवरून पाय काढायला अख्ख्या गावाला यांनीच शिकवलंय. माझ्या नडगीला विचारा!”

आणि ते खरंच होतं. मास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे, त्यात त्यांचे केस पिकले. स्कूलच्या गाडीत त्यांच्याजवळ एक लाकडी फूटपट्टी असे. शिकणाऱ्याचा डावा पाय काम नसताना क्लचवर रेंगाळला की ती फूटपट्टी नडगीवर बसे. मग समोर डॉक्टर असो, हवालदार असो, नाही तर लग्न ठरलेली मुलगी असो. वर प्रवचन ठरलेलं. “क्लच म्हणजे सासुरवाडी. काम असेल तेव्हा जायचं, काम झालं की निघायचं. मुक्काम ठोकला की अब्रू गेली. चला, पाय घरी!”

घरी म्हणजे पेडलच्या डावीकडे, खाली, मोकळ्या जागेत. गावातले कितीतरी लोक अजूनही गियर टाकला की मनातल्या मनात ‘पाय घरी’ म्हणत.

स्कूलच्या गाडीत मास्तर डावीकडे बसत आणि त्यांच्या पायांशी क्लच-ब्रेकची दुसरी जोडी असे. शिकणारा गडबडला की हे आपल्या बाजूने दाबत. “मुलांना वाटतं, आपणच चालवतोय,” ते बायकोला सांगत. “माझा पाय तिथं तयार नसता ना, तर निम्मं गाव भिंतीत घुसलं असतं.” बायको म्हणे, “बरं बरं, आता जेवताना तरी ब्रेक मारा.”

अशा माणसाला परवाचं पोर पायाचा दोष सांगतं म्हणजे काय! मास्तरांनी ग्लास काउंटरवर ठेवला. इतका जपून ठेवला, की आवाजसुद्धा झाला नाही. बायको बरोबर असती तर तिने ताबडतोब ओळखलं असतं, की आता यांचं डोकं ठिकाणावर नाही.

“जळलेली प्लेट डब्यात घालून द्या,” ते म्हणाले. “आता आपण ग्राहक मंचात भेटू.”

ही गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली होती. कोरी करकरीत. आयुष्य दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याच्या शेजारी बसून गेलं होतं. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी बायकोला आधी डावीकडे बसवलं. “ही सीट आता तुझी,” म्हणाले. मग स्वतः वळसा घालून उजवीकडचं दार उघडून बसले, उतरले, पुन्हा बसले. “बघितलंस? मी उजव्या दाराने उतरतोय. मालक उजव्या दारानं उतरतो.” ती हसून लाजली होती. या वयात माणूस कशाकशाने खूश होतो, याचं तिला नवल वाटलं होतं, आणि बरंही वाटलं होतं.

रविवारी सकाळी स्कूलचा एक वर्ग मास्तर अजून घेत; तो आटोपला की दोघं तळ्यावर जात. कठड्याशी गाडी उभी करून आतच बसत. पाण्याकडे बघत, घरात ज्याला वेळ मिळत नाही ते बोलत. असे थोडेच रविवार गेले असतील, तोच एकदा परतीच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. जळका वास आला. पहिली प्लेट कंपनीने कुरकुरत बदलून दिली. दुसरीच्या वेळी मास्तरांनी पदरचे पैसे घातले आणि वाद नको म्हणून मूग गिळून बसले. तिसरीला मात्र पाय निघाला.

“द्या ना सोडून,” बायको त्या संध्याकाळी म्हणाली. “पैसे गेले तर गेले.”

“प्रश्न पैशाचा नाही, पायाचा आहे.”

“हो, पण कोर्टकचेरी कशाला अहो? आपल्याला काय कमी आहे?”

“नाव कमी होतंय!” मास्तर ताडकन उठले. “स्कूलच्या मालकाचा फोन आला होता. घाबरट मुलांचा रविवारचा वर्ग माझ्याकडे असतो ना, तो म्हणे जरा थांबवू. पालक विचारतात म्हणे, क्लच जाळणारे मास्तर ते हेच का? निकाल लागू द्या, म्हणाला, मग पुन्हा या. हा मालक! याला स्वतःला मी शिकवलंय!”

बायकोने विषय सोडला. रविवारच्या वर्गाला जायला यांच्या अंगात पहाटेपासून वारं कसं शिरतं, ते तिला ठाऊक होतं. तो वर्ग गेला तर मागे फक्त वर्तमानपत्र आणि गुडघे उरतील.

मंचात तारखा पडत गेल्या. कंपनीचा वकील दर वेळी तेच सांगे : गाडी निर्दोष आहे, चालवण्याची सवय सदोष आहे. मास्तरांनी स्वतःच बाजू मांडायची ठरवली होती, आणि एका तारखेला त्यांचा संयम सुटला. ते उभे राहिले. “माझ्या शेजारी तुम्हाला हवा तो तज्ज्ञ बसवा. मी गाडी चालवून दाखवतो. माझ्या पायात दोष सापडला तर तक्रार मागं घेतो.”

वकिलाने लगेच होकार दिला. घरी हे कळल्यावर बायकोने कपाळाला हात लावला. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.”

“पाय दाखवून,” मास्तर म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी मोकळे हसले. “काळजी करू नकोस. परीक्षा सकाळी आहे. दुपारपर्यंत येतो, मग तळ्यावर जाऊ. तयार राहा.”

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी बुटांना पॉलिश केलं. गाडी धुतली. सर्व्हिस सेंटरच्या फाटकाशी मंचाने नेमलेली तपासनीस उभी होती, तिला बघून ते क्षणभर ओळखीच्या खुणा शोधत राहिले. तीच पुढे झाली.

“सर, मी ओळखते तुम्हाला. भिंत पाडणारी.”

“अरे! पिठाच्या गिरणीची भिंत!”

“तीच. तुमचा ब्रेक वेळेवर लागला म्हणून नुसता पोपडा निघाला.” मग ती गंभीर झाली. “पण सर, मी तुमच्याकडे शिकले हे आधी सांगायला हवं. यांची हरकत असेल तर दुसरा कुणी येईल.”

कंपनीकडून टायवाला आला होता. तो खांदे उडवून म्हणाला, “यांच्याकडे न शिकलेला तपासनीस आणायचा तर परगावाहून आणावा लागेल. बसा तुम्ही.”

टायवाला मागे बसला, तपासनीस डावीकडे. मास्तरांनी सीट सारखी केली, आरसे बघितले, पट्टा लावला. गाडी अशी निघाली की मागच्या सीटवरच्याला ती सुटल्याचं कळलंसुद्धा नाही. बाजारातली गर्दी, मध्येच आडवी आलेली सायकल, दोन-दोन रांगांत उभी केलेली वाहनं, सगळ्यातून ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली. एकही धक्का नाही, एकही करकर नाही. चढावर त्यांनी गाडी मुद्दाम थांबवली आणि तसूभरही मागे न जाऊ देता पुन्हा उचलली. टायवाल्याने मागे नकळत मान डोलावली.

“माझ्या नडगीवर अजून खूण आहे, सर,” तपासनीस म्हणाली.

“असू दे. ती खूण म्हणजे माझं सर्टिफिकेट.”

ती हसली. मग तिने खाली बघितलं आणि तिचं हसू थांबलं. मास्तरांना वाटलं, पोरगी प्रभावित झाली. गाव संपलं, पुढे कालव्याकाठचा सरळ, मोकळा रस्ता लागला. त्यांनी वरचा गियर टाकला आणि जरा रेलून बसले.

“सर,” तिने हळूच विचारलं, “डावा पाय कुठे आहे?”

“घरी,” समोर बघतच मास्तर म्हणाले.

तिने पुन्हा खाली बघितलं. इंजिन शांतपणे चालत होतं. तिची नजर अजून खालीच आहे, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. चालत्या गाडीत पायांकडे बघायचं नाही, हा त्यांचाच नियम. समोर रस्ता रिकामा आहे याची खात्री करून त्यांनी तो नियम मोडला आणि खाली बघितलं.

पॉलिश केलेला डावा बूट क्लचच्या पेडलवर होता. दाबलेला नाही, नुसता टेकलेला. तयार.

त्यांनी चटका बसल्यासारखा पाय काढला आणि डावीकडे खाली नेऊन टेकवला. चेहरा तापला होता. नेमका आजच कसा गेला, असं काहीतरी ते म्हणणार होते. पण आधी एक वळण आलं, मग समोरून ट्रॅक्टर आला. ते पार झाल्यावर त्यांनी पुन्हा खाली बघितलं.

पाय परत तिथेच होता. केव्हा गेला, त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

मास्तरांनी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. मागे टायवाल्याने सगळं बघितलं होतं. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसत नव्हता. तो खिडकीतून कालव्याकडे बघत बसला, मग फोन आल्याचं निमित्त करून खाली उतरला.

“वर्षानुवर्षं तो पाय तिथंच असायचा, सर,” तपासनीस म्हणाली. “आमच्यासाठी.”

“हो.”

“मी असं लिहू शकते, की वाहन अत्यंत कौशल्याने चालवलं, ढोबळ चूक आढळली नाही. ते काही खोटं नाही. पुढचं मंच बघेल.”

मास्तरांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. त्यांना मोह झाला नाही असं नाही. रविवारचा वर्ग डोळ्यांसमोर आला. स्कूलचा मालक आला. सोफ्यावरचा तो हसणारा गृहस्थ आला. आणि ज्यांच्या नडग्या त्यांनी आयुष्यभर सुजवल्या, ते सगळे आले. आपण त्यांना फूटपट्टी मारत होतो, तेव्हा आपला स्वतःचा पाय कुठे होता, हे कुणी कधी वाकून बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतःसुद्धा नाही. त्यांना मनापासून लाज वाटली.

“आरशाबद्दल काय सांगायचो मी?” त्यांनी विचारलं.

ती हातातला फॉर्म चाळू लागली.

“सांग.”

“आरशात दिसलं, ते दिसलं म्हणायचं.”

“मग तसंच लिही.”

टायवाल्याला सर्व्हिस सेंटरवर सोडलं. तपासनीस मुलीचं घर मास्तरांच्या वाटेवर होतं, म्हणून तिला घेऊन ते निघाले. आता त्यांनी डावा पाय खाली घट्ट रोवून ठेवला होता आणि सगळं लक्ष त्या पायावर होतं. सिग्नलला थांबताना क्लच दाबायचाच राहून गेला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. मास्तरांची गाडी बंद पडली! त्यांनी किल्ली फिरवली, पाय उचलला, तो घाईने सुटला, पुन्हा गचका. हिरवा दिवा लागला. मागून हॉर्न सुरू झाले. तिसऱ्यांदाही तेच. एक स्कूटरवाला शेजारून जाताना ओरडला, “आधी शिकून घ्या, आजोबा!”

तपासनीस खाली मान घालून बसली होती. मास्तरांनी धोक्याचे दिवे लावले, उतरले, वळसा घालून तिच्या दाराशी आले आणि किल्ली पुढे केली.

“तू घे.”

ती उजवीकडे गेली, ते डावीकडे बसले. तिने गाडी अलगद उचलली, गियर टाकला आणि तिचा डावा पाय कुणी न सांगता खाली, आपल्या जागी गेला. मास्तरांनी तो बघितला. पुढच्या चौकात एक कुत्रं आडवं आलं, तिने ब्रेक लावला. त्याच क्षणी मास्तरांचे दोन्ही पाय समोरच्या सपाट मॅटवर कचकचून दाबले गेले. तिथे काहीच नव्हतं. कुत्रं निघून गेलं, गाडी पुढे निघाली, तरी पाय उचलायचं त्यांना सुचलं नाही.

बायको फाटकाशी उभी होती. बाहेर जायचे कपडे घातलेले, केस नीट बांधलेले, खांद्याला पर्स. गाडी ओळखून ती पुढे आली, आणि थांबली.

मास्तर डाव्या दाराने उतरले.

तपासनीस उजवीकडून उतरून आली. तिने किल्ली बायकोच्या हातात दिली, “येते, सर,” म्हणाली आणि पायीच निघाली.

मास्तरांनी दार लावलं. नीट लागलं का, ते ओढून बघितलं.

“ऊन फार आहे आज,” ते म्हणाले.

“हो ना,” ती म्हणाली. “तळ्यावर तर उभं राहवणार नाही.”

ती त्यांच्या आधी आत गेली. खांद्यावरची पर्स काढून तिने दारामागच्या खुंटीला अडकवली, तिच्याच खाली किल्ली टांगली आणि त्यांना बूट काढताना धरायला म्हणून खुर्ची पुढे ओढली.