इमारत मुळातच सदोष

"इमारत मुळातच सदोष होती," असं मी लिहून द्यायचं होतं. एवढं एकच वाक्य आणि खाली माझी सही.

ज्या इमारतीच्या नकाशांवर मी बाविसाव्या वर्षी डोळे फोडले, तिच्याबद्दल हे! माझे यजमान उत्तमराव सैन्यात, त्यांची पलटण तेव्हा जयपूरला होती. मी साताऱ्याहून ड्रॉइंगचा कोर्स करून आले आणि एका सरकारी खात्यात नकाशे काढायला चिकटले. बासष्ट साल होतं. खात्याची ही पाच मजली काँक्रीटची कचेरी कागदावर आकार घेत होती. पश्चिमेची अख्खी भिंत म्हणजे काँक्रीटची जाळी. तिच्या पट्ट्या अशा तिरप्या, की दुपारचं ऊन बाहेरच अडावं आणि हवा तेवढी आत यावी. समोरच्या भिंतीत छताला लागून लांबट व्हेंटिलेटर, तापलेली हवा तिथून बाहेर. त्या पट्ट्यांचा कोन मी सात वेळा पुसून पुन्हा काढला होता. इमारत उभी राहिल्यावर लोकांनी नावं ठेवली. गुलाबी शहरात हा करडा खोका कुणी आणून टाकला, म्हणाले. म्हणेनात का! आत बसणाऱ्याला बरं वाटत होतं.

आता, चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, कार्यकारी अभियंता कासलीवालसाहेबांना ती जाळी फोडायची होती. तिच्या जागी विटांची भिंत, भिंतीत कूलर आणि बाहेरून शोभेच्या गुलाबी कमानी. प्रस्तावाला इमारतीचा इतिहास जोडावा लागतो, आणि पहिल्यापासूनची माणसं म्हणाल तर खात्यात मी एकटीच उरले होते.

"सुमित्राजी, बस एक लाइन," साहेब म्हणाले. "गर्मी तो आप भी झेल रही हैं."

ते काही खोटं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या हॉलची भट्टी झाली होती. टायपिस्ट रत्नमाला मानेवर ओला नॅपकिन टाकून टाइप करायची. मला माझीच शंका यायला लागली. कोन चुकला होता का आपला? जुना नकाशा काढून पुन्हा मोजला. चुकला नव्हता. मग मात्र माझं डोकं फिरलं.

मी हणमंतला गाठलं. हा रेकॉर्ड सांभाळणारा, सैन्यातून निवृत्त होऊन इथल्याच खातीपुऱ्यात घर केलेला, आमच्याच साताऱ्याकडचा. "हॉल कधीपासून तापायला लागला हो?" मी विचारलं.

तो डोकं खाजवत वर बघायला लागला. मीही वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. एकूण एक व्हेंटिलेटरमध्ये लाल फडक्यात बांधलेले फायलींचे गठ्ठे कोंबले होते. रोज त्यांच्याखाली बसत होते मी!

"एक्याऐंशीचा पूर, वहिनी," हणमंत म्हणाला. "खालच्या रेकॉर्ड रूममंदी कमरंएवढं पानी. भिजल्यालं गठ्ठं आमी वर आनलं. मतलब, समद्यात जास्त वारा तितंच लागत हुता, म्हनून तितं वाळत घातलं. पंधरा दिसांत वाळलं बगा, कडकडीत."

"मग काढले का नाहीत?"

"कुनी सांगितलंच न्हाई."

तीन वर्षं! इमारतीनं यांचे कागद वाचवले आणि यांनी तिच्याच नाकात बोळे घातले. वर दोषही तिचाच. चोराच्या उलट्या बोंबा!

सुट्टीच्या शनिवारी हणमंत, रत्नमाला आणि मी शिडी लावून हॉलमधले सगळे गठ्ठे उतरवले. धुळीनं भुतासारखे दिसत होतो. सोमवारी दुपारी हॉलचं काही महाबळेश्वर झालं नाही, पण माणसाला श्वास घेता येत होता. रत्नमालानं नॅपकिन घडी करून खणात टाकला.

कासलीवालसाहेब तरातरा आले. "किसकी परमिशन से?" दुसऱ्या दिवशी मुख्य अभियंता पाहणीला येणार होते. हॉल तापलेला दिसलाच नाही, तर प्रस्ताव मंजूर कसा व्हायचा?

मी माझं टिपण पुढे केलं. त्यात पूर होता, गठ्ठे होते, तारखा होत्या आणि शेवटी, "इमारतीत दोष नाही. दोष आपल्यात आहे."

त्यांनी ते वाचून टेबलावर आपटलं. "वह एक लाइन लिखिए, नहीं तो जैसलमेर भेज दूँगा."

खोटं कशाला सांगू? जयपुरातलं घर, उत्तमरावांचं दुखणं, सगळं डोळ्यांपुढे आलं. तोंडातून मात्र भलतंच निघालं. "भेजिए, साहब. वहाँ तो घर घर में जाली है. कुछ सीखकर ही आऊँगी."

ते हणमंतकडे वळले. "सारे बस्ते वापस ऊपर. अभी."

हुकूम मोडणं हणमंतच्या हाडातच नाही. तो सावधानमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "साहब, लिखित में दे दीजिए."

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. "जी, लिखित में," फायलीतून मान वर न करता ते म्हणाले. मग रत्नमाला म्हणाली. मग जाळीकडची अख्खी रांग. याच लोकांनी मला इतकी वर्षं एका पेन्सिलीसाठीसुद्धा लेखी मागून पिडलं होतं. त्या दिवशी वाटलं, एकेकाच्या पाया पडावं.

आता साहेबांना स्वतःच्या सहीनं लिहावं लागणार होतं, की व्हेंटिलेटर बुजवा. ते माझ्या टेबलाशी बसले. कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. जाळीतून आलेल्या वाऱ्यानं कागद सरकला. त्यांनी तो डाव्या हातानं दाबला, तर दुसरं टोक फडफडायला लागलं. त्यांनी टेबलभर नजर फिरवली. पेपरवेट माझ्यासमोर होतं. मी त्यावर हात ठेवला आणि तो उचलला नाही.